हवेचा विरोध

गेली अठ्ठावीस वर्षे, कॉलेज उघडून पंधरा-वीस दिवस झाले की मी वर्गात एक वाक्य उच्चारीत आलो आहे : ‘हवेचा विरोध नगण्य मानू.’ हे वाक्य उच्चारले की माझे काम फार सोपे होते. फेकलेला चेंडू काय, तोफेतून सुटलेला गोळा काय, सर्व वस्तू एकाच डौलदार वक्ररेषेने जाऊ लागतात. समीकरण दोन ओळींत सुटते, मुले ते उतरवून घेतात आणि तास संपल्याची घंटा होते. या वाक्यात काही गैर आहे अशी शंका मला कधी शिवली नाही. ती शिवली अमेरिकेतील साउथ डाकोटा राज्यातल्या एका उघड्या माळावर. आणि ती ज्याने निर्माण केली तो प्राणी पुरता हातभरही लांब नव्हता.

मी शिकारी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा छंद म्हणून आपल्याकडे संपला, आणि माझा तर जन्मच त्या सुमाराचा. बंदुकीशी माझी ओळख झाली ती विद्यार्थिदशेत, एन. सी. सी.च्या मैदानावर. पॉइंट टू-टू रायफलीने पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या, एवढीच ती चैन. एकदा माझ्या पाचही गोळ्यांची भोके पन्नास पैशांच्या नाण्याखाली झाकली गेली. हवालदारसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी तो कागद घडी करून माझ्या हाती दिला. तो अजून माझ्या लॉगच्या पुस्तकात आहे. पुढे पदव्या मिळाल्या, एक-दोन क्रमिक पुस्तकेही लिहून झाली. पण त्या कागदाइतका निखळ अभिमान मला दुसऱ्या कशाचाच वाटलेला नाही. आपले काम बरोबर झाले की चूक, हे तिथल्या तिथे, कोणाच्याही मताची वाट न पाहता सांगणाऱ्या गोष्टी आयुष्यात किती थोड्या असतात !

माझा एक जुना विद्यार्थी गेली वीस वर्षे डेन्व्हर शहरी इंजिनियर आहे. मागल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे राहायला गेलो, तेव्हा त्याने मला घराच्या तळघरात नेले. तिथे एक लांबलचक टेबल, त्यावर घट्ट बसवलेले एक दाबयंत्र, पितळी काडतुसांच्या रांगा आणि एक नाजूक तराजू होता. हा मनुष्य आपली काडतुसे आपणच भरतो. दारू तो ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो; म्हणजे आमच्या सोनाराच्या गुंजेचे अठरा-एकोणीस भाग करावेत आणि त्यातल्या एका भागावरून वाद घालावा, तसा प्रकार. प्रत्येक गोळी खाचेपासून किती अंतरावर बसली आहे, पितळेच्या मानेची जाडी सगळीकडे सारखी आहे की नाही, हे सारे त्याच्या वहीत नोंदलेले. वर्गात ज्याला दशांशचिन्हाची जागा मी चार वेळा दाखवली होती, तोच हा मुलगा ! मी थक्क होऊन विचारले, “अरे, एवढे सगळे कशासाठी ?”

तो म्हणाला, “व्हार्मिंटसाठी, सर.”

‘व्हार्मिंट’ हा शब्द ‘व्हर्मिन’ या इंग्रजी शब्दाचे गावठी रूप आहे. पिकाला, कुरणाला, कोंबड्यांना उपद्रव देणारा कोणताही प्राणी म्हणजे व्हार्मिंट. तेव्हा हे कोणत्याही जातीचे नाव नव्हे. हा माणसाने दिलेला शेरा आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत तो वुडचक नावाच्या, गवताच्या शेतात बिळे करणाऱ्या लठ्ठ प्राण्यावर बसतो. पश्चिमेच्या माळांवर प्रेअरी डॉगवर. हा प्रेअरी डॉग कुत्रा मुळीच नव्हे. तो खारीच्या कुळातला, दोन-तीन पौंड वजनाचा, बिळांची गावेच्या गावे वसवून राहणारा प्राणी. १८०४ साली लुईस आणि क्लार्क यांची तुकडी पश्चिमेकडे निघाली असता तिने पिंपेच्या पिंपे पाणी बिळात ओतून यांतला एक जिवंत पकडला, आणि पुढल्या वर्षी यांतलाच एक प्राणी प्रेसिडेंट जेफरसन यांजकडे भेट म्हणून पाठवला. त्या वेळी तो नवल होता. माळावर गुरे आली आणि तो उपद्रव झाला.

नवलाची गोष्ट ही की, या क्षुद्र प्राण्यांनी रायफलीच्या कलेवर जितका उपकार केला आहे तितका वाघ-सिंहांनीही केला नसेल. वाघ मोठा असतो, आणि बहुधा जवळून मारला जातो. नेमात दोन इंच इकडे-तिकडे झाले तरी चालते. इथे दोनशे-तीनशे यार्डांवर चार इंच रुंदीची आकृती उभी असते. तिच्यासाठी अधिक वेगवान गोळी, अधिक सरळ नळी, अधिक स्वच्छ दुर्बीण हवी. विंचेस्टर कंपनीने १९३५ साली ‘२२० स्विफ्ट’ हे काडतूस काढले. त्याची गोळी सेकंदाला चार हजार फुटांहून अधिक वेगाने सुटे. १९५० साली रेमिंग्टनचे ‘२२२’ आले, आणि त्याने अचूकपणाची सारी मोजमापेच बदलली. टेबलावर रायफल टेकवून कागदावर पाच गोळ्यांचा पुंजका जास्तीत जास्त लहान करणाऱ्यांची ‘बेंचरेस्ट’ नावाची जी स्पर्धा आहे, तिच्यातही रायफलींचे वर्ग ‘हलकी व्हार्मिंट’ आणि ‘जड व्हार्मिंट’ असे आहेत. प्राणी गेला, कागद आला. पण नाव राहिले.

“मग कागदच का पुरत नाही ?” मी विचारले. “आमच्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, ते कागदी नेमाच्याच खेळात. पन्नास मीटरांवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे !”

“ती तपश्चर्या आहे, सर,” तो म्हणाला. “पण तिथे अंतर आधी ठरलेले असते. माळावर अंतर नवे, चढ-उतार नवा आणि वारा तर दर मिनिटाला नवा. कागद तुम्हांला तुमचेच हस्ताक्षर दाखवतो. माळ दर वेळी नवी प्रश्नपत्रिका काढतो.”

शिक्षकाला मोहात पाडायचे तर याहून चांगला दृष्टांत सापडायचा नाही. त्याने माझ्या नावाचा परवाना काढला, आणि आम्ही निघालो.

ज्याच्या माळावर आम्हांला जायचे होते तो गृहस्थ सत्तरीच्या घरातला, मितभाषी होता. त्याचे म्हणणे एवढेच, की हे प्राणी कुरण कुरतडतात आणि बिळात पाय अडकून गुरे लंगडी होतात. फाटकाची कडी लावून घ्या, असे सांगून तो निघून गेला. सकाळी सात वाजता आम्ही एका टेकाडावर छोटे मेज मांडले. समोर मैलभर पसरलेला माळ, आणि त्यावर मातीचे शेकडो उंचवटे. थोड्याच वेळात उंचवट्यांवर माणसे उभी राहावीत तशा आकृती उभ्या राहिल्या : ताठ, हात छातीशी जुळवलेले, जणू सूर्याला अर्घ्य देत आहेत. मधूनच एखादा मान मागे टाकून उडी मारी आणि किंचाळे. मग पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. दोघे भेटले की तोंडाला तोंड लावून ओळख पटवीत. मी बराच वेळ दुर्बिणीतून नुसता पाहतच राहिलो.

मग माझ्यातला पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक जागा झाला. अंतर तीनशे यार्ड. गोळीचा वेग सेकंदाला तेहतीसशे फूट. निर्वातात हे अंतर तोडायला तिला ०.२७ सेकंद लागावेत. दुर्बिणीची उंचीची चकती विद्यार्थ्याने लावून दिली. वारा मात्र माझ्यावर सोपवला. डावीकडून गालाला लागणारी झुळूक मला मोजण्याच्या लायकीची वाटली नाही. मी नेम मधोमध धरला आणि चाप ओढला. धुरळा उडाला तो त्या प्राण्याच्या उजवीकडे सुमारे फूटभर. त्याने मान वळवून धुरळ्याकडे पाहिले. बाराचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला तो त्यानंतर. मग तो बिळात गेला.

“सर,” विद्यार्थी हळूच म्हणाला, “आज हवेचा विरोध नगण्य मानायचा नाही.”

वाचक हसतील, मीही हसलो. पण त्यानंतरचे दोन तास माझ्या आयुष्यातल्या अत्यंत आनंदाच्या तासांपैकी होते, हे कबूल केलेच पाहिजे. निर्वातातून ०.२७ सेकंदांत पोचणारी गोळी हवेतून सुमारे ०.३४ सेकंदांत पोचते. वारा गोळीला किती ढकलतो हे तिच्या सगळ्या प्रवासावर अवलंबून नसते. हवेमुळे तिला जो उशीर झाला त्या उशिरावर अवलंबून असते. म्हणजे सगळा खेळ सात शतांश सेकंदांचा. आणि तेवढ्यात ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला फूटभर बाजूला नेतो. हाच नियम मी पुस्तकात वाचला होता. इथे तो धुरळ्याने लिहिलेला दिसत होता. सेकंदाला हजार मीटर वेगाने, योग्य कोनात सुटलेली गोळी माझ्या फळ्यावर शंभर किलोमीटर दूर जाऊन पडते. खऱ्या जगात ती चार किलोमीटरही जात नाही. उरलेले शहाण्णव किलोमीटर कुठे जातात ? ते हवेत जातात. आणि ती हवा मी अठ्ठावीस वर्षे पुसून टाकीत आलो होतो !

वारा ‘वाचायला’ मी त्या दिवशी शिकलो. गवताची पाती कुठे झुकतात ते पाहायचे. ऊन चढले की दुर्बिणीत जमिनीलगतची हवा पाण्यासारखी वाहताना दिसते, तिचा ओघ पाहायचा. आपण ज्याला मृगजळ म्हणतो तेच हे. हरणाला फसवणारे ते पाणी नेमबाजाला मात्र खरे सांगते : ते उजवीकडे वाहते आहे, मंद आहे, आता थांबले. थांबले की चाप. विद्यार्थी अंतर सांगे, मी वारा सांगे, तो मान हलवी. तेरावी की चौदावी गोळी असेल. मी नेम आठ इंच डावीकडे धरला, श्वास अर्धा सोडून थांबलो, आणि बार झाला. उंचवट्यावरची आकृती नाहीशी झाली.

“लागली,” तो म्हणाला, आणि वहीत एक खूण केली.

त्या क्षणी मला काय वाटले ? दया वाटली असे लिहिले तर शोभेल, पण ते खोटे ठरेल. मला तो पन्नास पैशांच्या नाण्याचा कागद आठवला. अंतर, वारा, उष्णता, माझा हात, माझा श्वास, सारे एका बिंदूत येऊन मिळाले होते आणि उत्तर बरोबर आले होते. दुसरा एक प्राणी थोड्या वेळाने त्याच उंचवट्यावर वर आला आणि तसाच हात जुळवून उभा राहिला. तो वर येण्यापूर्वीच माझा हात चकतीकडे गेलेला होता.

दुपारी तो वृद्ध गृहस्थ पाण्याचा डबा घेऊन आला. माळाचा पूर्वेकडचा भाग मला सकाळपासून रिकामा दिसत होता. बिळे होती, पण एकही आकृती नव्हती. मी विचारले तेव्हा तो एकच शब्द बोलला : “प्लेग.” दोन वर्षांपूर्वी तो त्या बाजूला आला, आणि काही आठवड्यांत सारे गाव गेले.

हा शब्द मी इतक्या दूर ऐकेन असे मला वाटले नव्हते. आमच्या आजीच्या सासरची निम्मी माणसे प्लेगच्या सालात गेली. गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिलेले दिवस, दारांवरच्या खुणा, एका दिवसात उठलेली घरे, हे सारे तिने तिच्या सासूच्या तोंडून ऐकलेले आणि आम्हांला सांगितलेले. हाँगकाँगहून १८९६ साली मुंबईत आणि पुढल्या वर्षी पुण्यात शिरलेली ती साथ, आणि १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला उतरून तिथल्या रानटी खारींत आणि उंदरांत मुक्कामाला राहिलेली ही साथ, या दोन नव्हेत, एकच. आमच्या घरात जी शिरली होती तीच या बिळांत शिरली होती. मी त्या रिकाम्या उंचवट्यांकडे पाहिले आणि मला सकाळपासून प्रथमच वाटले, की हे गाव आहे. अगदी सकाळपासून मी त्याला गावच म्हणत होतो. पण तो इंग्रजीतला एक शब्द म्हणून.

परतताना मी विद्यार्थ्याशी बोललो. त्याच्याजवळ उत्तरे होती, आणि ती वाईट नव्हती. आम्ही गेलो नसतो तर त्या गृहस्थाने विषारी दाणे टाकले असते, आणि विष कोणाचा विचार करीत नाही. गोळीने क्षणात मरण येते, आणि पातळ कवचाची ती गोळी जिथे लागते तिथेच फुटते, उसळून कोणाच्या घराकडे जात नाही. हे सगळे खरे. पण हेही खरे, की शिशाच्या त्याच तुकड्यांनी मेलेल्या प्राण्याला खाणारे ससाणे आणि गरुड विषबाधेने आजारी पडतात. याच प्राण्यांवर जगणारे काळ्या पायांचे फेरेट नावाचे एक मुंगसासारखे जनावर प्रेअरी डॉगांची गावे उठल्यामुळे नामशेष झाले असे लोक समजत होते. १९८१ साली वायोमिंगमध्ये एका कुत्र्याने त्यातले एक मेलेले घरी आणले तेव्हा काही जिवंत असल्याचे कळले, आणि १९८७ पर्यंत त्यांची संख्या अठरावर आली होती. त्या अठरांपासून पुन्हा वंश वाढवण्याची खटपट आजवर चालू आहे. तेव्हा ज्याला आपण क्षुद्र म्हणून खोडून टाकतो त्याच्या आधारावर कोण उभे आहे, हे खोडणाऱ्याला ठाऊक नसते.

पण मला खरी बोच लागली ती या हिशेबाची नव्हे. रात्री मी घरी फोन केला. पत्नीने विचारले, “काय केलेत दिवसभर ?” मी उत्साहाने म्हणालो, “नेमबाजी ! तीनशे यार्डांवर ! वारा कसा वाचतात, शिकलो.” ती म्हणाली, “वा ! आणि नेम कशावर धरायचा ?”

मी क्षणभर थांबलो. वाऱ्याविषयी मी तिला अर्धा तास सांगू शकलो असतो. मृगजळाविषयी, सात शतांश सेकंदांविषयी सांगू शकलो असतो. पण ‘कशावर’ या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्या साऱ्या गणितात कुठेच नव्हते. वहीत अंतर होते, उष्णमान होते, वाऱ्याचा वेग होता, आणि शेवटी एक खूण. मी म्हणालो, “एक प्रकारची खार असते,” आणि विषय बदलला.

लहानपणी ऐकलेली अर्जुनाची गोष्ट त्या रात्री मला पुन्हा आठवली. झाड दिसते का ? नाही. फांदी ? नाही. केवळ पक्ष्याचा डोळा. एकाग्रतेचा हा धडा मी स्वतः मुलांना कित्येकदा दिला आहे. पण महाभारतात एक बारीकसा तपशील आहे तो मी सांगायला विसरत असे. द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला तो पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला होता. तो जिवंत नव्हता. आचार्यांना ठाऊक असले पाहिजे, की फक्त डोळा दिसू लागला म्हणजे पक्षी दिसेनासा होतो. आणि म्हणून शिष्याला ही विद्या शिकवायची तर आधी पक्षी लाकडाचा असलेला बरा.

नेमबाजाला या खेळाची ओढ का वाटते, हे मला आता पुरते कळले आहे, आणि त्याला मी क्रूर म्हणणार नाही. त्याचे प्रेम मरणावर नसते, अचूकपणावर असते. वाऱ्याची एक झुळूकही नगण्य न मानणे, हीच त्याची साधना. परंतु ती साधना जमावी म्हणून समोरचे एकच काय ते नगण्य मानावे लागते. मी वर्गात बसून हवा पुसत होतो. माळावर हवा मोजायला शिकलो आणि प्राणी पुसला. काही तरी पुसल्यावाचून आमचे उत्तर येतच नाही की काय, कोण जाणे !

परत आल्यावर एक गोष्ट वाचनात आली. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातले स्लोबोडचिकॉफ नावाचे प्राध्यापक या प्राण्यांच्या एका जातीच्या हाकांचा अनेक वर्षे अभ्यास करीत होते. त्यांचे निरीक्षण असे, की ससाणा आला, कोल्हा आला की माणूस आला, याच्या हाका वेगवेगळ्या असतात. इतकेच नव्हे, तर माणूस आला तर त्याच्या अंगावरच्या सदऱ्याच्या रंगाप्रमाणे हाक बदलते. त्या दिवशी मी निळा सदरा घातला होता. माळावरचे प्राणी वेगळ्या जातीचे होते, तरी मला वाटते, मान मागे टाकून ते जे किंचाळत होते त्यात कुठे तरी माझा सदरा असावा. म्हणजे मी त्यांना वहीतली खूण समजत होतो, तेव्हा त्यांच्या वहीत माझी नोंद रंगासकट झाली होती.

यंदा कॉलेज उघडले तेव्हा तोच पाठ आला, तीच आकृती मी फळ्यावर काढली. वाक्यही तेच, ते टाळून कसे चालेल? पण त्यात माझ्या नकळत एक शब्द वाढला. मी म्हणालो, “सोयीसाठी हवेचा विरोध नगण्य मानू,” आणि तिथेच थांबलो. पुढल्या बाकावरच्या मुली खडूकडे पाहत वाट पाहू लागल्या. सरांना पुढची ओळ आठवेना, असे त्यांना वाटले असावे. खिडकीबाहेर आषाढाचा वारा गुलमोहराच्या फांद्या डावीकडून उजवीकडे वाकवीत होता. ताशी दहा-बारा मैल असेल. मी समीकरण लिहायला घेतले.